केशरबाईसाठी डोंगा

चांदूर बाजारहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून डोमाजी तायड्याची वस्ती. तिथं नळ आला त्या दिवशी बायांना कोण आनंद झाला. कुणी तोटीला हळदकुंकू लावलं, कुणी झेंडूची माळ घातली. हापशीवर पाण्याचे पितळी गुंड-घागरी घेऊन ओळीत उभं राहता राहता त्यांच्या अर्ध्या जिंदग्या गेल्या होत्या. आता थेट धरणाचं पाणी अंगणात येणार होतं.

डोमाजीची बायको केशरबाई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू. सगळ्यात जास्त सुख तिलाच व्हायला हवं होतं. तिनं गुंड लावला आणि तोटी फिरवली. आधी हवा खोकली, मग गढूळ चूळ पडली, मग निवळ धार लागली. गुंड अर्धा भरला असेल नसेल, केशरबाई वाकून ऐकायला लागली. तिनं तोटी बंद केली. परत उघडली. मग गुंड तसाच टाकून घरात आली आणि भिंतीला टेकून बसली.

"काय झालं वं?" डोमाजीनं विचारलं.

"त्या पान्यात पोट्टी रडून राहिली."

डोमाजी बाहेर गेला. पाणी पाण्यासारखं वाहत होतं. नवीन पाइपात हवा अडकली की शिट्टी वाजते, असं काहीतरी त्यानं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण त्या पाण्याचा थेंबही तिनं तोंडाला लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचा तिचा छोटा गुंड घेऊन ती पुन्हा हापशीकडे लंगडत जायला लागली.

वस्तीतल्या बाया हसल्या. "कोनाची पोट्टी रडते वं काकू?" असं विचारायच्या. डोमाजीनं मात्र ते कधी विचारलं नाही. कोणाची, ते त्याला ठाऊक होतं.

केशरबाईचं माहेर खैरी. नदीच्या काठावरचं गाव, आता याच धरणाच्या बुडीतात गेलेलं. लग्नानंतर पहिल्या बाळंतपणाला ती तिथं गेली, तेव्हा डोमाजी अमरावतीला बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात सुतारकाम करत होता. मुलगी झाल्याचा निरोप आला. डोमाजीनं सुटीसाठी अर्ज केला आणि सुटी मिळेपर्यंत रोज संध्याकाळी, पाळी संपल्यावर, उरल्यासुरल्या सागाच्या तुकड्यांतून एक पाळणा घडवला. कठड्यावर मोराची जोडी कोरली. तो पाळणा बसच्या टपावर बांधून तो निघाला, खैरीच्या फाट्यावर उतरला आणि पाळणा डोक्यावर घेऊन गावाकडे चालू लागला.

वाटेत समोरून चार माणसं आली. पुढं त्याचा सासरा होता. त्याच्या खांद्यावर फावडं होतं आणि पायांना नदीचा ओला गाळ लागलेला होता. त्यांनी जावयाला पाहिलं, डोक्यावरचा पाळणा पाहिला आणि जागीच थांबले. पोरगी तापानं सकाळी गेली होती. लहान लेकराला फार वेळ ठेवत नाहीत. तिला नदीकाठी पुरून ते परत येत होते.

डोमाजीनं आपल्या लेकीचं तोंड पाहिलं नाही. पाळणा तिथंच वाटेवरच्या लिंबाखाली उतरवला तो उतरवला. केशरबाईला घेऊन तो परत निघाला तेव्हा लिंबाखाली काही नव्हतं. कुणी नेला, हे ना त्यानं विचारलं, ना तिनं. पुढं स्वप्निल झाला, तो सरकारी दवाखान्यात झाला आणि जुन्या लुगड्याच्या झोळीत वाढला. त्या मुलीबद्दल नवराबायको आयुष्यात एकदाही बोलले नाहीत. मग कितीतरी वर्षांनी धरण झालं. खैरीच्या लोकांनी आपापली दारं-चौकटी उपटून नेली, टिनं काढून नेली. नदीकाठ सगळ्यात आधी पाण्याखाली गेला. ती बातमी आली त्या दिवशी केशरबाई भाकरी थापत होती. तिनं भाकऱ्या पुऱ्या केल्या होत्या, एवढं डोमाजीला आठवत होतं.

आता मात्र रडणं नळापुरतं राहिलं नाही. दुपारी सगळं सामसूम झालं, वस्तीतली माणसं मजुरीला गेली, की केशरबाई एकदम मान वर करायची. हातातलं काम थांबायचं.

"ओली झाली ती," ती म्हणायची. "किती वखत झाला, कोरडं करायले कोनी नाई तिच्यापाशी."

स्वप्निल अकोल्याला कृषी खात्यात नोकरीला. तो आला आणि आईला अकोल्याला घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरनं कान तपासले, चांगले निघाले. मग दुसऱ्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी केशरबाई दिवस-दिवस झोपून राहायची आणि उठली की रडायची. "मी इथं झोपून राहिली आन ती तिकडं एकटीच," एवढंच बोलायची. डोमाजीनं तिला परत घरी आणलं आणि गोळ्या फडताळात ठेवून दिल्या.

एक दिवस ती म्हणाली, "मले तिच्यापाशी न्या."

डोमाजीनं तिला जीपमध्ये बसवून धरणावर नेलं. भिंतीवरून पाहिलं तर नजर पुरणार नाही एवढं पाणी. मध्ये कुठं झाडाचा शेंडा नाही की देवळाचा कळस नाही. केशरबाईनं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. इथून नाही. त्या जागेवर जायला पाहिजे.

धरणात मासेमारी करणारा पुंजाजी भोई डोमाजीच्या ओळखीचा होता. जयभीम-रामराम झाला. केशरबाईचं म्हणणं ऐकून त्याला नवल वाटलं नाही. बुडीतातली माणसं अधूनमधून अशी येऊन उभी राहत, त्याला सवय होती. त्यानं आपला थर्माकोलचा तराफा काठाशी ओढून आणला. "बसा बाई, मी नेतो." केशरबाईनं त्या तराफ्याकडे पाहिलं आणि पाऊल मागं घेतलं.

"यावर नाई. लाकडाचा डोंगा पायजे," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "तुमच्या हातचा. तुमी तिच्यासाठी केलं होतं, ते तिच्यापरेंत पोचलंच नाई."

इतक्या वर्षांत पाळण्याचा विषय पहिल्यांदा निघाला होता. परतीच्या जीपमध्ये डोमाजी बाहेर बघत बसला आणि फाट्यावर उतरताना म्हणाला, "करतो."

पोळा होऊन गेला होता. डोमाजी परतवाड्याला गेला, आरा मशीनवर दिवसभर बसून त्यानं जुन्या वाळलेल्या सागाच्या फळ्या निवडल्या. आतल्या आडव्या फासळ्यांसाठी बाभळीची निसर्गतःच वाकलेली लाकडं शेताच्या धुऱ्यावरून आणली. अंगणात लिंबाखाली सगळं मांडलं. वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट, सगळी हत्यारं काढून त्यांना धार लावली.

जन्मभर त्यानं बसच्या बॉड्या केल्या होत्या. तिथं सगळं काटकोनात, गुण्या लावला की काम झालं. डोंग्यात मात्र सरळ असं काहीच नव्हतं. तळ रुंद, बाजू बाहेर कललेल्या, दोन्ही टोकं वर उचललेली. पुंजाजी येऊन सांगायचा, माहा आजा नदीवर डोंगे करायचा तवा असं करे, तसं करे. ऐकून ऐकून डोमाजी फळीवर कोळशानं रेघा मारायचा. फळी वाकवण्यासाठी तिच्यावर ओली पोती टाकायची, वर उकळतं पाणी ओतायचं आणि टोकाला दगड बांधायचे. पहिली फळी वाकली, वाकली आणि मधोमध काडकन फुटली. आवाजानं केशरबाई घरातून लंगडत बाहेर आली. डोमाजी फळीला लाख शिव्या घालत होता. ती उभी राहून पाहत राहिली आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

दिवाळीत स्वप्निल बायकोमुलीला घेऊन आला. त्याची मुलगी पिंकी सातवीत होती. अर्धवट झालेला सांगाडा पाहून ती हरखून गेली. दुपारी केशरबाई त्या सांगाड्यात जाऊन बसली होती, शेजारच्या फळीवर तिचा हात संथपणे थोपटत होता.

"आजी, हा डोंगा कोनासाठी हाय?"

"तुह्या आत्यासाठी."

पिंकी तशीच घरात गेली आणि बापाला विचारलं, "मले आत्या हाय काय?" स्वप्निलनं बाहेर येऊन बापापुढे उभं राहून तेच विचारलं.

"होती," डोमाजी म्हणाला. रंधा थांबवला नाही.

"मले कधी सांगतलं नाई बाबा."

"सांगाले काय होतं? मी सोता पायलं नाई तिले."

स्वप्निल लिंबाच्या बुंध्याशी बसून राहिला. थोड्या वेळानं उठला आणि कुणी न सांगता फळीचं दुसरं टोक धरलं. त्यानंतर त्यानं गोळ्यांचं नाव काढलं नाही.

थंडी पडली आणि डोंग्यानं आकार घेतला. सांधे भरायला कापूस लागतो. केशरबाई मांडीवर कापसाच्या लांब वाती वळायची, डोमाजी त्या पटाशीनं फटीत ठोसायचा आणि वरून गरम डांबर ओढायचा. सगळ्या अंगणात डांबराचा वास. आणि याच दिवसांत एक गोष्ट झाली, जी डोमाजीनं कुणाला सांगितली नाही.

एका सकाळी त्याला डोंग्याचा तळ आतून ओला दिसला. दंव असेल म्हणून त्यानं बाहेरून हात फिरवला. बाहेरची बाजू खडखडीत कोरडी. वर ताडपत्री होती, तीही कोरडी. त्यानं बोट लावून वास घेतला. नदीच्या गाळाचा वास होता. त्यानं तळ पुसला, दिवसभर उन्हात ठेवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच ओल, त्याच जागी, हातभर लांब. पुंजाजीला त्यानं आडून विचारलं तर तो म्हणाला, लाकूड कच्चं असन. लाकूड कच्चं नव्हतं. ते हाताला कळत होतं. शेवटी डोमाजीनं डोंगा लाकडाच्या ओंडक्यांवर उचलून ठेवला आणि आत पाणी भरून पाहिलं. एक थेंब बाहेर झिरपला नाही. पाणी उपसलं, पुसलं. सकाळी ओल होतीच. मग त्यानं पुसणं सोडून दिलं. केशरबाईनं ती ओल पाहिली की नाही, हे त्याला कळलं नाही. तिनं त्या जागी एक जुनं दुपटं अंथरून ठेवलं, एवढं खरं.

माघात टेम्पोतून डोंगा धरणावर नेला. सकाळची वेळ होती आणि पाण्यावर धुकं होतं. स्वप्निल अकोल्याहून मुद्दाम आला होता. त्यानं दोन नारंगी जॅकेटं आणली होती, ती आईबापाच्या अंगात चढवूनच त्यानं त्यांना काठ सोडू दिला. लुगड्यावर ते जॅकेट घातलेली केशरबाई डोंग्याच्या मधल्या फळीवर सरळ बसली. पुंजाजीनं वल्हं घेतलं. डोंगा पाण्यावर टेकला, एकदा कलला आणि सावरला.

"काय बसला राजेहो पान्यावर!" पुंजाजी म्हणाला. एरवी डोमाजी त्या बोलानं फुलून गेला असता.

काठ दिसेनासा झाला. पुंजाजी अंदाजानं नेत होता, जाळं कुठं अडकतं त्यावरून त्याला खालचं गाव थोडंफार माहीत होतं. थोड्या वेळानं केशरबाईच बोलायला लागली.

"इथून डाव्या अंगानं घ्या. हा पार. इथं चावडी. आता सरकं खाली, आमची वस्ती..." ती पाण्याकडे पाहत नव्हती, समोर पाहत होती, गल्लीतून चालणारं माणूस पाहतं तशी. "आता उतार लागला. चिंच. हा, थांबा."

पुंजाजीनं वल्हं वर घेतलं. डोंगा हळूहळू स्थिर झाला. आजूबाजूला सगळीकडे सारखंच पाणी होतं, पण डोमाजीला वाटलं, आपण उंचावरून कुठल्यातरी अंगणात वाकून बघतो आहोत.

केशरबाई एका बाजूला झुकली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि हाक मारली, "शकुन!"

डोमाजी दचकला. "कोन शकुन?"

"नाव ठेवलं होतं मी. तिच्या कानातच सांगतलं होतं. तुमी आल्यावर तुमाले सांगीन म्हनलं."

मग ती पाण्याशी खालच्या आवाजात बोलत राहिली. शब्द कळत नव्हते. तिनं तळावरचं ते दुपटं उचललं, घडी केली आणि पाण्यावर ठेवलं. ते क्षणभर पसरलं, ओलं झालं, गडद झालं आणि खाली गेलं. केशरबाईनं हात पदराला पुसला. तिचा चेहरा इतका सैल झाला होता की डोमाजीला पन्नास वर्षांपूर्वीची केशर दिसली.

"निजली," ती म्हणाली. "चला आता."

आणि नेमकं तेव्हाच डोमाजीला ऐकू आलं.

बारीक आवाज होता, नुकत्याच जन्मलेल्या लेकराचा. मांजरीचा नाही, पाखराचा नाही. फळ्यांच्या खालून, त्याच्या तळपायांच्या खालून येत होता. त्यानं पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजी तोंडातला खर्रा-तंबाखू थुंकून वल्हं मारायला लागला होता.

"काई आवाज आला काय गा?"

"कोनता? पानकावळा असन भाऊ."

केशरबाई शांतपणे समोर बघत होती. डोमाजीनं दोन्ही हातांनी डोंग्याच्या कडा घट्ट धरल्या. काठ येईपर्यंत आवाज मागं मागं पडत गेला, पण बंद झाला नाही.

त्यानंतर केशरबाई बरी झाली, दुसरा शब्द नाही त्याला. घरी आल्या आल्या ती नळाचं पाणी गटागटा प्यायली. जेवायला लागली, झोपायला लागली, धारणीला भाचीच्या मुलीच्या लग्नात जाऊन अधू गुडघ्यांनिशी नाचून आली. स्वप्निलनं फोनवर म्हटलं, "बाबा, डोंगा आता पुंजाजीकाकाले देऊन टाका." डोमाजी म्हणाला, पाहू.

त्यानं पुंजाजीकडून वल्हवायला शिकून घेतलं. रोज सकाळी पहिल्या जीपनं तो धरणावर जायचा आणि डोंगा घेऊन त्या जागी पोचायचा. जागा चुकायची भीतीच नव्हती, आवाजच त्याला न्यायचा. तिथं वल्हं ठेवून तो ऐकत बसायचा. हळूहळू ते रडणं त्याला ओळखीचं झालं. ती एका दमात रडायची, मग हुंदका देऊन थांबायची, वाटायचं संपलं, आणि परत पहिल्यापासून सुरू. हट्टी होती. केशर रागावली की अशीच थांबून थांबून भांडायची. हे लक्षात आलं त्या दिवशी तो एकटाच हसला आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले.

नाव त्याला माहीत होतं. केशरबाईसारखी हाक मारली की ती निजेल, हेही कळत होतं. ओठांवर यायचं आणि तो ओठ मिटून घ्यायचा. उद्या, असं मनाशी म्हणायचा. उद्या आला की पुन्हा उद्या. उन्हाळा तापायला लागला, पाणी उतरायला लागलं, तसं रडणं रोज थोडं थोडं जवळ आलं. त्याची अन्नावरची वासना गेली. घरी ताटावर बसला तरी कान तिकडं. आता मान एकदम वर होत होती ती त्याची.

केशरबाईनं काही दिवस पाहिलं. एका दुपारी त्याच्यापुढे पाण्याचा गिलास ठेवून ती समोर बसली.

"अजून रडते काय ती?"

डोमाजीनं गिलासाला हात लावला नाही. "तुले ऐकू येते?"

"मले नाई येत. तुमच्या तोंडावरून समजते." तिनं गिलास त्याच्याकडे सरकवला. "तुमी हाक काहून नाई मारत तिले?"

"मारली तर ती निजन ना, केशर. मंग मले काय राहिलं? मी तर ऐकलंच नव्हतं तिले."

बाहेर कुणाच्या तरी नळाची धार बादलीत पडत होती.

"ऐकलं ना आता," केशरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पन लेकराले इतकं रडवत नाई कोनी. बाप हाय तुमी."

दुसऱ्या दिवशी डोमाजी नेहमीच्या जीपनं गेला. पाणी आरशासारखं पडलं होतं. त्या जागी पोचून तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. तिचा प्रत्येक हुंदका नीट ऐकून घेतला, जसं परगावी निघालेलं माणूस घरातल्या माणसांकडे पाहून घेतं. मग वाकला, तोंड पाण्याच्या अगदी जवळ नेलं आणि लेकराच्या कानात सांगावं तसं हलकेच म्हणाला, "शकुन."

रडणं अडखळलं. एक हुंदका आला, मग लहानसा दुसरा. मग काहीच नाही.

आयुष्यात डोमाजीनं कधी कुठल्या लेकराला निजवलं नव्हतं. स्वप्निल नेहमी आईजवळच निजायचा. निजलेल्या लेकरापासून उठायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. वल्ह्यावरून थेंब टपकून आवाज होऊ नये म्हणून त्यानं ते पुसलं आणि मांडीवर आडवं धरलं. श्वाससुद्धा दाबून तो बसून राहिला. उन्हं वर आली. मग वारा सुटला आणि डोमाजीनं हात न लावता डोंगा आपोआप, अगदी हळू, काठाकडे सरकायला लागला.